पबमध्ये कव्हर बँड म्हणून वाजवायला सुरुवात करताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात नोकरी करणाऱ्या चार मित्रांचा एक बँड आहे. त्यात गिटार वाजवत गाणारा एक गायक, दुसरा गिटारवादक, बासवादक आणि ड्रमर आहेत. वर्षभर दर शनिवारी जॅमरूम (बँडच्या सरावाची खोली) भाड्याने घेऊन त्यांनी पंचवीस-एक हिंदी आणि इंग्रजी गाणी बसवली आहेत, आणि आता बाणेर, विमाननगर, कोरेगाव पार्क या भागांतील पबमध्ये कव्हर बँड म्हणून, म्हणजे इतरांची गाणी वाजवणारा बँड म्हणून, वाजवण्याची त्यांची इच्छा आहे. कार्यक्रम मिळवायचा कसा, गाणी कोणती निवडायची, पैसे किती मागायचे आणि स्वतःची दोन गाणी आहेत ती मध्ये वाजवावीत की नाही, असे त्यांनी विचारले आहे. मी की-बोर्डवादक असून पुण्यात, मुंबईत आणि हंगामात गोव्यात अशा बँडमधून बरीच वर्षे वाजवत आलो आहे. त्या अनुभवावरून, विचारलेल्या क्रमाने नव्हे तर मला महत्त्वाच्या वाटणाऱ्या क्रमाने, उत्तर देतो.

पबचा मालक बँडला पैसे देतो ते साडेआठला येऊन बसलेली टेबले साडेदहापर्यंत उठू नयेत आणि त्यांनी आणखी एकदा मागणी नोंदवावी यासाठी. यात संगीताचा अपमान आहे असे मला कधीच वाटले नाही. मात्र ही गोष्ट मनाशी पक्की नसेल तर बाकी सर्व निर्णय चुकतात. आपल्याकडचे बहुतेक वादक गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा, महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन किंवा घरगुती मैफल यांतून पुढे आलेले असतात. तिथे प्रेक्षक मंचाकडे तोंड करून बसतात, निवेदक गाण्याची ओळख करून देतो आणि गाणे संपले की टाळ्या पडतात. पबमध्ये अर्ध्या खुर्च्यांची पाठ तुमच्याकडे असते, टाळ्या पडतीलच असे नाही, आणि तरीही संध्याकाळ उत्तम गेलेली असू शकते. लोक गप्पा मारता मारता पायाने ठेका धरत असतील तर तुमचे काम व्यवस्थित चालू आहे असे समजावे.

त्यामुळे मी गाण्यांच्या यादीच्या आधी आवाजाच्या पातळीबद्दल लिहितो. नव्या बँडला दुसऱ्यांदा न बोलावण्याचे सर्वांत मोठे कारण वाईट वादन नसून मोठा आवाज हे असते, आणि छोट्या जागेत तो आवाज साउंडवाला ठरवत नाही, ड्रमर ठरवतो. साठ-सत्तर माणसांच्या हॉलमध्ये नेहमीच्या जाड काड्यांनी वाजवलेला स्नेअर ड्रम कोणत्याही माइकशिवाय शंभर डेसिबलच्या पुढे सहज जातो. त्याच्यावर गायकाचा आवाज ऐकू यावा म्हणून माइक वाढवावा लागतो, मग गिटारवादकाला स्वतःचे ऐकू येत नाही म्हणून तो अॅम्प्लिफायर वाढवतो, बास त्याच्या मागे जातो, आणि तिसऱ्या गाण्याला मॅनेजर हात खाली-वर करत मंचासमोर उभा राहतो. या साखळीचे मूळ पहिल्याच कडीत असल्याने उपायही तिथेच करावा लागतो. पातळ काठ्यांची जुडी करून बनवलेल्या रॉड वापराव्यात, किंवा इलेक्ट्रॉनिक ड्रम, किंवा पहिल्या सेटपुरता, म्हणजे पहिल्या मध्यंतरापर्यंतच्या भागापुरता, काहोन (हाताने वाजवायची लाकडी पेटी). तुमच्या ड्रमरला हे आवडणार नाही. जॅमरूममध्ये जोरात वाजवून ज्याचा हात बसला आहे त्याला त्याच लयीत, तेवढ्याच आवेशाने पण निम्म्या आवाजात वाजवणे खरोखर अवघड जाते, आणि त्यासाठी वेगळा सराव करावा लागतो. माझ्या मते पबमधल्या ड्रमरची खरी परीक्षा हीच आहे. फिल, म्हणजे ओळींच्या मधले ड्रमचे तुकडे, कितीही सफाईने वाजले तरी त्यावर कोणी गुण देत नाही.

तुमच्या स्वतःच्या कानांचाही प्रश्न आहे. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतील निऑश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला ८ तास राहता येते, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होत जाते. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे उरतात. तुम्ही तीन तास उभे राहणार आहात. संगीतकारांसाठी मिळणारे, सर्व स्वर सारख्या प्रमाणात कमी करणारे इअरप्लग पहिल्याच महिन्यात घ्यावेत. कानात एकदा बसलेली शिट्टी पुढे जन्मभर सोबत राहू शकते.

कायद्याची बाजूही याच विषयात येते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपक आणि वाद्ये केवळ बंदिस्त जागेतच वापरता येतात. व्यापारी क्षेत्रासाठी आवाजाची मर्यादा दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबल, तर निवासी क्षेत्रासाठी ५५ आणि ४५ अशी आहे, आणि खासगी जागेतील ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वाढता कामा नये. याचा व्यवहारातील अर्थ असा की गच्चीवरच्या किंवा अंगणातल्या पबमध्ये तुमचा कार्यक्रम दहाला संपतो. तिथे ‘नऊला सुरू करा, बघू पुढे’ असे सांगितले गेले तर सव्वादहाला पोलीस आले म्हणून मानधन कापले जाण्याची शक्यता गृहीत धरावी, आणि सुरुवात साडेसातला करून मागावी. गोव्यातही किनाऱ्यावरच्या उघड्या शॅकमध्ये याच नियमामुळे सूर्यास्ताच्या वेळचे कार्यक्रम बँडला अधिक सोयीचे पडतात.

आता विजेबद्दल एक गोष्ट सांगतो. ती कोणी सांगत नाही आणि तिच्यात जिवाचा धोका असतो. पबमध्ये मंचाजवळचा एक सॉकेट बारच्या फ्रिजच्या लाइनवर असतो आणि दुसरा एखादा स्वयंपाकघराच्या. गिटारचा अॅम्प्लिफायर एका सॉकेटवर आणि मिक्सर दुसऱ्यावर लावला की अनेकदा ५० हर्ट्झचा घुमा, म्हणजे स्पीकरमधून सलग येणारी खर्जातली घूंघूं, ऐकू येतो. तो घालवण्यासाठी प्लगची जाड, तिसरी पिन काढून टाकणारे किंवा दोन पिनांचा अॅडॉप्टर लावणारे लोक मी पाहिले आहेत. असे कधीही करू नये आणि कोणाला करूही देऊ नये. गिटारच्या तारा केबलमार्गे अॅम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात, माइकची जाळी मिक्सरच्या अर्थिंगला जोडलेली असते. या दोहोंपैकी एकाचे अर्थिंग तुटले आणि त्या यंत्रात काही बिघाड झाला, तर तारांवर बोटे असताना माइकला ओठ लागताच विजेचा प्रवाह गायकाच्या शरीरातून जातो. योग्य मार्ग असा की मंचावरच्या सर्व उपकरणांची वीज एकाच सॉकेटमधून, चांगल्या एक्स्टेंशन बोर्डने घ्यावी आणि तरीही घुमा राहिलाच तर डीआय बॉक्सवरचे (वाद्य मिक्सरला जोडणाऱ्या छोट्या पेटीवरचे) ग्राउंड-लिफ्टचे बटण दाबावे. ते बटण केवळ सिग्नलच्या तारेतील जोड तोडते, विजेच्या अर्थिंगला हात लावत नाही. शंभर-दीडशे रुपयांचा टेस्टर गिटारच्या पिशवीत ठेवावा, आणि गायकाने माइकजवळ जाण्यापूर्वी जाळीला तो लावून पाहावा.

साउंडचेकसाठी पबवाले बहुधा संध्याकाळी सहाची वेळ देतात आणि त्या वेळी हॉल रिकामा असतो. टाइल्सची फरशी, एका बाजूला काचेची भिंत आणि एकही माणूस नाही, अशा खोलीत सर्व काही कर्कश वाटते. म्हणून नवा माणूस वरचे स्वर इतके कापून टाकतो की नऊ वाजता हॉल भरल्यावर गाण्याचे शब्दच कळत नाहीत. माणसांचे कपडे आणि शरीरे वरचे स्वर शोषून घेतात, हे लक्षात ठेवून रिकाम्या हॉलमध्ये आवाज किंचित कडकच ठेवावा. माइक शिट्टी मारत असेल तर प्रथम जागा तपासावी, बटणांकडे नंतर वळावे. सर्वत्र दिसणारा शुअरचा एसएम ५८ हा माइक पाठीमागून सर्वांत कमी ऐकतो, त्यामुळे मॉनिटर स्पीकर (गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) त्याच्या थेट पाठीमागे, गायकाच्या पायाशी समोर ठेवावा. त्याच कंपनीचा बीटा ५८ असेल तर मात्र त्याची बहिरी बाजू थेट मागे नसून थोडी दोन्ही कडांना असते, म्हणून मॉनिटर जरा तिरका सरकवावा लागतो. गायकाने माइकची जाळी मुठीत धरली की हे सर्व गणित मोडते, कारण मागचा भाग झाकला गेला की माइक चहूबाजूंनी ऐकू लागतो. गायकाच्या चॅनेलवर ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा भाग कापला की मंचाचा धडधडाट आणि बासची गुरगुर दोन्ही कमी होतात. एवढे झाले की उरलेला वेळ गाणी वाजवण्यात घालवू नये. पहिल्या गाण्याचे एक कडवे, सर्वांत जोरकस गाण्याचा मुखडा आणि सर्वांत शांत गाण्याची सुरुवात, इतके पुरे असते.

गाण्यांकडे वळू. पंचवीस गाणी पुरत नाहीत. पबची रात्र साधारणपणे पाऊण-पाऊण तासाच्या तीन सेटची किंवा तासाभराच्या दोन सेटची असते. पाऊण तासात दहा-अकरा गाणी बसतात, म्हणजे तीन सेटला तीस-तेहेतीस गाणी हवीत, आणि ऐनवेळी बदलण्यासाठी आणखी दहा तरी तयार असावीत. ही संख्या ऐकून घाबरण्याचे कारण नाही, कारण पबमधले गाणे मूळ ध्वनिमुद्रणाइतके लांब वाजवायचे नसते. हिंदी चित्रपटगीतात दोन-तीन अंतरे आणि प्रत्येकाच्या आधी व्हायोलिनचा लांबलचक तुकडा असतो. चार वाद्यांच्या बँडने तो तुकडा गिटारवर हुबेहूब उतरवण्यात महिना घालवावा आणि ऐकणाऱ्याने त्याच क्षणी फोन हातात घ्यावा, असे नेहमी घडते. मुखडा, एक अंतरा, पुन्हा मुखडा, आणि शेवटची ओळ तीनदा, असे तीन मिनिटांचे रूप द्यावे. ज्या सुरावटीशिवाय ते गाणे ओळखूच येत नाही तेवढी मात्र अचूक वाजली पाहिजे. प्रत्येक लोकप्रिय गाण्यात अशी एक जागा असते, बहुधा सुरुवातीच्या आठ मात्रांत, आणि ती चुकली तर पुढचे कितीही सरस गायले तरी लोकांना ते गाणे ‘लागले’ असे वाटत नाही.

निवडीबाबत माझे मत थोडे कठोर आहे. बँडच्या चौघांना आवडणारी गाणी आणि खोलीला माहीत असलेली गाणी या दोन याद्या असतात, आणि पहिल्या यादीतले जे दुसरीत आहे तेवढेच घ्यावे. बाणेर-बालेवाडीच्या पबमध्ये शुक्रवारी येणारा गट हा प्रामुख्याने पंचविशी ते चाळिशीचा, नोकरीनिमित्त देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेला असतो. त्यांना जोडणारा समान धागा म्हणजे त्यांच्या शाळा-कॉलेजच्या काळातली, नव्वदच्या दशकापासून २०१० पर्यंतची हिंदी गाणी आणि त्याच काळातले हिंदी पॉप. कोरेगाव पार्कात इंग्रजी गाण्यांना अजून जागा आहे, पण तिथेही सगळ्यांनी मिळून म्हणता येईल असे धृपद असलेली गाणी चालतात, सात मिनिटांची प्रोग्रेसिव्ह रचना चालत नाही. मराठी गाणे एक-दोनच ठेवावे, पण ठेवावेच. साडेदहाच्या सुमारास एखाद्या ठसकेबाज मराठी गाण्याला पुण्यातल्या पबमध्ये जो प्रतिसाद मिळतो तो पाहून अमराठी मॅनेजरही पुढच्या वेळी त्याची आठवण करून देतो.

पट्टीचा हट्ट सोडावा. अलीकडची पुरुष आवाजातली हिंदी गाणी फार वरच्या पट्टीत ध्वनिमुद्रित झालेली असतात. गायकाने स्टुडिओत एकेक ओळ ताज्या गळ्याने गायलेली असते, आणि तुमच्या गायकाला तशी तीस गाणी एका रात्रीत, धुरकट वातानुकूलित हवेत गायची असतात. दोन किंवा तीन अर्धस्वर खाली उतरवलेले गाणे ऐकणाऱ्याला कळत नाही, फाटलेला आवाज मात्र लगेच कळतो. प्रत्येक गाण्याची पट्टी गायकाच्या तिसऱ्या सेटमधल्या गळ्यावरून ठरवावी, सकाळच्या गळ्यावरून नव्हे. अनेक बँड यासाठी गिटारी अर्धा स्वर खाली लावतात, त्यात चूक काही नाही. फक्त पुढेमागे की-बोर्डवादक घेतलात तर त्याला आधी सांगा, कारण गिटारवाल्यांच्या सोयीपायी साध्या पट्ट्यांतली गाणी काळ्या पट्ट्यांत वाजवत बसणे किंवा पट्टी आपोआप बदलणारे ट्रान्सपोजचे बटण दाबले होते की नाही या चिंतेत पुढचे गाणे सुरू करणे, हे दोन्ही आमच्या वाट्याला येते.

गाण्यांच्या क्रमापेक्षाही मी दोन गाण्यांमधल्या अंतराला अधिक महत्त्व देतो. गाणे संपले, गायकाने पाणी प्यायले, गिटारवादकाने तार जुळवली, ड्रमरने ‘पुढचे कोणते?’ विचारले, आणि तीस सेकंद गेली, की त्या शांततेत एखादे टेबल बिल मागवते. हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. मंचावरून वेटरकडे नजर ठेवली तर ते प्रत्यक्ष दिसते. म्हणून गाणी तीन-तीनच्या गटांत बांधावीत. एकाच लयीची, शक्यतो एकाच किंवा जवळच्या पट्टीची तीन गाणी, ज्यांत पहिल्याचा शेवटचा ठेका हाच दुसऱ्याचा पहिला ठेका असतो, आणि गटाच्या शेवटी पाच-दहा सेकंदांचा विराम. आवाज बंद करून जुळवता येणारा पायाखालचा ट्यूनर दोन्ही गिटारांना असलाच पाहिजे. खुणाही ठरवून घ्याव्यात, जसे की मूठ वर म्हणजे या आवर्तनाला थांबायचे, डोक्यावर हात म्हणजे पुन्हा मुखड्यावर, बोट गोल फिरवले म्हणजे हाच तुकडा चालू ठेवायचा. या खुणा गायकाकडे असाव्यात आणि इतर तिघांनी गाण्यात कितीही रंगले असले तरी दर आठ मात्रांनी त्याच्याकडे पाहण्याची सवय लावावी.

एक नेहमीचा प्रसंग घेऊ. पावणेदहा वाजले आहेत, दुसरा सेट चालू आहे, आणि वेटर मंचाच्या कडेला येऊन दोन बोटांनी मेणबत्तीची खूण करतो. कोपऱ्यातल्या दहा-बारा जणांच्या टेबलावर केक येणार आहे. नवा बँड चालू गाणे अर्धवट तोडतो, कोणत्या पट्टीत म्हणायचे यावर कुजबुज करतो, आणि तोवर टेबलावरच्या लोकांनी आपापल्या सुरात सुरुवात केलेली असते. सरावलेला बँड चालू मुखडा पुरा करून, ड्रमचा ठेका न तोडता, पांढरी चारमध्ये, म्हणजे गिटारवाल्यांच्या एफ पट्टीत, येतो. वाढदिवसाच्या गाण्याचा आवाका एका सप्तकाचा आहे, आणि पांढरी चारमध्ये ते खालच्या पांढरी एकपासून वरच्या पांढरी एकपर्यंत जाते, जे पुरुषांना आणि स्त्रियांना दोघांनाही न ओरडता म्हणता येते. गायक नाव विचारून घेतो, नाव एकदाच पण नीट उच्चारतो, दोन आवर्तने होतात, आणि टाळ्या चालू असतानाच त्याच पट्टीतले नाचण्याजोगे गाणे सुरू होते. ते टेबल आधीच उभे असते. ते बसत नाही, आणि शेजारची दोन टेबलेही उठतात. त्या रात्रीचा नाच असा सुरू होतो. मॅनेजरला बँड लक्षात राहतो तो अशा मिनिटाभरामुळे, त्याआधी तुम्ही किती अवघड सोलो वाजवला त्यामुळे नव्हे.

फर्माइशीच्या चिठ्ठ्या येतील. येत असलेले गाणे असेल तर लगेच नव्हे, एक गाणे सोडून वाजवावे, म्हणजे मागणारा थांबतो. येत नसेल तर ‘पुढच्या वेळी नक्की’ असे म्हणून त्याच गायकाचे किंवा त्याच काळातले दुसरे वाजवावे. अर्धेमुर्धे येणारे गाणे दारू प्यायलेल्या माणसाच्या आग्रहाला बळी पडून सुरू करू नये. दुसऱ्या सेटनंतर माइक मागायला येणाऱ्या हौशी गायकाचा निर्णय मॅनेजरवर सोपवावा. बहुतेक वेळा तो नको म्हणतो आणि वाईटपणा तुमच्याकडे येत नाही.

सरावाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. आपापला भाग घरी बसवावा, जॅमरूमचे भाडे जोड, शेवट आणि खुणा यांवर खर्च करावे, आणि महिन्यातून एकदा पूर्ण सेट, काहीही चुकले तरी न थांबता, घड्याळ लावून वाजवावा.

कार्यक्रम मिळवण्यासाठी शनिवारी रात्री पबमध्ये जाऊन मॅनेजरला गाठू नये. मंगळवारी किंवा बुधवारी दुपारी चार ते सहाच्या दरम्यान जावे. त्या वेळी तो मोकळा असतो आणि पुढच्या महिन्याची आखणी करत असतो. सोबत दोन-तीन मिनिटांचे एकच चित्रीकरण असावे, जॅमरूममध्ये मोबाइलवर सलग केलेले, तीन गाण्यांचे तुकडे एकापाठोपाठ वाजवलेले, आवाजावर नंतर कोणतेही संस्कार न केलेले. स्टुडिओत चकचकीत केलेल्या व्हिडिओवर अनुभवी मॅनेजर विश्वास ठेवत नाही. शुक्रवार-शनिवार मागू नये, बुधवार किंवा गुरुवार मागावा. श्रावण, पितृपक्ष आणि परीक्षांचे महिने मंदीचे असतात, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी तेजीचा काळ; आषाढी एकादशी, २ ऑक्टोबर यांसारखे दारूबंदीचे दिवस आणि निवडणुकीत मतदान संपण्याआधीचे ४८ तास पाहूनच तारीख पक्की करावी. ‘तुमचे किती लोक येतील?’ हा प्रश्न हमखास येतो. ‘पहिल्या वेळी मित्र धरून वीसेक, त्यानंतर सांगता येणार नाही’ असे खरे उत्तर द्यावे. पन्नास सांगून बारा आणणाऱ्या बँडला पुन्हा फोन येत नाही.

पैशांबाबत मी ठरावीक आकडा सांगणार नाही, कारण भाग, वार आणि ध्वनियंत्रणा कोणाची यांवर तो पुष्कळ बदलतो. पण एक गोष्ट आग्रहाने सांगतो. तुम्हा चौघांना पगार आहे आणि पुण्यात अनेक वादकांचे घर याच कामावर चालते. हौस म्हणून पूर्ण रात्र फुकट किंवा नाममात्र पैशांत वाजवलीत, तर पुढच्या गुरुवारी मॅनेजर त्यांना तुमचा आकडा दाखवतो. चाचणी म्हणून एखादा पाऊण तासाचा सेट विनामूल्य वाजवायला हरकत नाही, पण त्यापुढे त्या भागात इतर बँडना जे मिळते तेच मागावे, आणि ते किती हे त्या बँडनाच विचारावे. बहुतेक जण मोकळेपणाने सांगतात.

रक्कम ठरली की वेळ, सेटची संख्या, ध्वनियंत्रणा आणि साउंडवाला कोणाचा, जेवण, पैसे कधी मिळणार आणि आदल्या दिवशी कार्यक्रम रद्द झाला तर काय, या गोष्टी फोनवर ठरवून सोडू नयेत. किमान व्हॉट्सअॅपवर लिहून समोरून ‘ठीक आहे’ असे उत्तर घ्यावे. अनेक पब तीस किंवा पंचेचाळीस दिवसांनी पैसे देतात. एका ठिकाणी तर आमच्या तीन कार्यक्रमांचे पैसे, व्यवस्थापक बदलला आणि नव्याकडे काहीच नोंद नव्हती म्हणून, कायमचे राहिले. त्या व्यवहाराचा एकही लेखी संदेश आमच्याकडे नव्हता असे नाही, पण तो जुन्या व्यवस्थापकाच्या खासगी क्रमांकावर होता. तेव्हापासून आम्ही पबच्या अधिकृत ईमेलवर एक ओळ पाठवतोच. समजा मानधन २०,००० रुपये ठरले, तर चौघांत चार भाग न करता पाच करावेत आणि पाचवा बँडचा ठेवावा. तारा, केबल, टेम्पो आणि जॅमरूम त्यातून भागते. व्यावसायिक शुल्क म्हणून नोंद झाली तर १० टक्के करकपात होते, आणि एप्रिल २०२५ पासून वर्षाला ५०,००० रुपयांच्या वरच्या देयकांना ती लागू आहे. सर्व रक्कम एकाच्याच खात्यावर येत असेल तर सगळे उत्पन्न त्याच्याच नावावर दिसते, हे आधीच ध्यानात घेऊन वाटणीचा हिशेब लिहून ठेवावा.

दुसऱ्यांची गाणी वाजवण्याचा परवाना लागतो का, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण कोणी तरी विचारेल. प्रत्यक्ष वादनासाठी गीतकार, संगीतकार आणि प्रकाशक यांच्या वतीने इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही १९६९ मध्ये स्थापन झालेली संस्था परवाना देते, आणि तो घेण्याची जबाबदारी प्रथेप्रमाणे जागेच्या मालकाची किंवा आयोजकाची असते. ध्वनिमुद्रित गाण्यांचे हक्क वेगळे आहेत. तुमच्या मध्यंतरात स्पीकरवर जी गाणी लागतात त्यांचा तो विषय. ठरावाच्या संदेशात ‘सर्व परवाने पबकडे’ एवढे एक वाक्य घालावे.

राहिला तुमच्या स्वतःच्या गाण्यांचा प्रश्न. मुंबईत चर्चगेट स्ट्रीटच्या, म्हणजे आताच्या वीर नरिमन रोडच्या, रेस्तराँमध्ये पन्नास-साठच्या दशकांत जे बँड वाजत, त्यांत प्रामुख्याने गोव्याचे वादक होते, आणि त्यांच्यापैकी कित्येकांचा दिवस हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात जाई. चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्ध असलेले ट्रम्पेटवादक आंतोनियो झेवियर वाझ हॉटेलातला बँडही चालवत आणि संगीतकार सी. रामचंद्र यांच्यासोबतही काम करत. म्हणजे रात्री इतरांच्या सुरावटी वाजवणारा वादक सर्जनशील नसतो हा समज तेव्हाही खरा नव्हता, आणि मागणीबरहुकूम वाजवण्यातून हात तयार होतो हे तर उघडच आहे. तरीही पबमध्ये स्वतःचे गाणे कुठे ठेवायचे याला मर्यादा आहेत. पहिला महिनाभर ठेवूच नये. नंतर दुसऱ्या सेटच्या मध्यात, दोन ओळखीच्या गाण्यांच्या मधोमध, ‘हे आमचे स्वतःचे’ अशी घोषणा न करता एक वाजवावे आणि ते चालू असताना खोलीकडे पाहावे. बोलणे चालू राहिले आणि कोणी उठून गेले नाही, तर ते गाणे तिथे टिकले. कोणी येऊन ‘हे कोणाचे?’ असे विचारले, तर तेव्हा सांगावे. दुसरे गाणे त्याच रात्री वाजवू नये. ज्यांना केवळ तुमची गाणी ऐकायची आहेत असे श्रोते पबमध्ये नसतात. त्यांच्यासाठी शंभर आसनांचे छोटे नाट्यगृह किंवा महाविद्यालयाचे सभागृह वर्षातून एकदा भाड्याने घ्यावे, आणि ते भाडे बँडच्या पाचव्या भागातून द्यावे.